बँडवर वाजलेलं ‘सांगून तरी जायचंस’

ऋजुतानं लग्नाची पहिली पत्रिका मामाच्या हातात ठेवली. मामानं ती मातीच्या हातांनी उलटसुलट करून बघितली आणि मिरचीच्या रोपांच्या ट्रेवर ठेवून दिली.

“झकास झालीय,” सन्मतीमामा म्हणाला. “अक्षता घरी आणून दे. मी हितनंच टाकतो.”

“मामा, तुझं नाव छापलंय त्यात. नवरीचे मामा म्हणून. ठळक अक्षरात.”

“मग त्यावर पट्टी चिकटवा.”

ऋजुताची आई, म्हणजे सन्मतीची थोरली बहीण पद्मजा, रोपवाटिकेतल्या शेडनेटच्या दाराशी उभी राहून हे ऐकत होती. असंच होणार हे तिला ठाऊक होतं.

“नीट ऐक,” ऋजुता म्हणाली. “अंतरपाट धरतात तेव्हा नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तू आला नाहीस तर मी दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही. आईच्या कुठल्या तरी चुलतभावाला ओढून आणलंत, तर मी त्याला सगळ्यांदेखत परत पाठवीन. जागा रिकामी ठेवीन. आणि लोकांनी विचारलं तर सांगेन, मामा मिरचीला पाणी घालतोय.”

पोरगी फटकळ, पण बोलताना तिचे डोळे भरून आले होते. मामानं झारी उचलली आणि तो पलीकडच्या रांगेत गेला.

सन्मती मगदूम हा एक्कावन्न वर्षांचा, तब्येतीनं ठणठणीत आणि बोलायला गोड माणूस. जयसिंगपूरच्या बाहेर शिरोळ रस्त्याला त्याची रोपवाटिका होती. आसपासच्या निम्म्या लग्नांतले हार त्याच्या गुलाबांचे असत, पण गेली चोवीस वर्षं त्यानं स्वतः लग्नाच्या मांडवात पाऊल टाकलेलं नव्हतं. कारण सगळ्या नात्याला माहीत होतं, त्यामुळे आता कुणी विचारतही नसे.

दोन हजार पंचवीसच्या उन्हाळ्यात ‘सांगून तरी जायचंस’ या गाण्यानं नुसता धुमाकूळ घातला होता. ती न सांगता निघून गेलीय आणि हा बिचारा बसस्टँडवरच्या रिकाम्या बाकाशी बोलत बसलाय, असं ते गाणं. लोकप्रिय गाण्याचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचंही झालं. ज्याला गळा होता त्यानं ते गायलं, ज्याला नव्हता त्यानंही गायलं. कुणी बासरीवर वाजवलं, कुणी गझलेसारखं आळवलं, भजनी मंडळांनी त्यात देवाचं नाव घालून म्हटलं, व्यायामशाळेतल्या पोरांनी त्यावर जोर काढले. कोंबडीखाद्याच्या एका जाहिरातीत चक्क एक कोंबडा ते गात होता. आणि लग्नाच्या बँडवाल्यांनी तर ते नाचायच्या ठेक्यातच बसवलं. बँडपुढे नाचणारा माणूस शब्दांकडे कशाला लक्ष देतोय? त्या उन्हाळ्यात शेकडो नवरदेव या ताटातुटीच्या गाण्यावर मिरवत बोहल्यापर्यंत गेले आणि सुखानं संसाराला लागले.

एक सोडून. सन्मतीची वरात सांगलीच्या कार्यालयाच्या दारात पोचली, बँड रंगात आला आणि आतून निरोप आला, की नवरी खोलीत नाही. स्वरूपा नावाच्या ज्या मुलीशी दोन वर्षं त्याचं जमलेलं होतं, ती मागच्या दारानं निघून गेली होती. चिठ्ठी नाही, फोन बंद. चार महिन्यांनी कळलं, की ती हैदराबादला नोकरी करते आणि एकटीच राहते. का गेली, ते कधीच कळलं नाही.

तेव्हापासून मांडव दिसला की सन्मतीचे हात गार पडत, श्वास छातीत मावेनासा होई. दोन चुलतभावांच्या लग्नांना त्यानं जाऊन बघितलं. दोन्ही वेळा त्याला गाडीत आडवा घालून घरी आणावं लागलं. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

पद्मजेच्या मनात या सगळ्याखाली आणखी एक काटा होता. बँडमास्तरला ते गाणं वाजवायला तिनंच सांगितलं होतं. एकोणतीस वर्षांची, नटलेली करवली, कडेवर दोन वर्षांची ऋजुता. “मास्तर, ते ‘सांगून तरी’ होऊ द्या की!” असं ती हौसेनं ओरडली होती. पुढे कितीतरी वर्षं तिची आई सांगत राहिली, की त्या अभद्र गाण्यानंच घात केला, ते सांगणाऱ्याची जीभ झडो. पद्मजा मान खाली घालून भाजी निवडायची. आई गेली तरी तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि दैवाचा खेळ असा, की आज ती नोकरी करत होती ती गाण्याच्या दवाखान्यात.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या दोन खोल्यांवर ‘स्वरस्मृती उपचार कक्ष’ अशी पाटी होती, पण लोक ‘गाण्याचा दवाखाना’च म्हणत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. तांबवेकर नावाच्या बाईंनी हा उपचार शोधून काढला, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

त्यामागचं शास्त्र पद्मजा रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगत असे. आठवण म्हणजे दगडावर कोरलेलं अक्षर नव्हे. आपण काही आठवतो तेव्हा मेंदू ती आठवण बाहेर काढतो, आणि परत ठेवताना ती नव्यानं लिहून ठेवतो. उंदरांवरच्या प्रयोगांत हे पन्नास वर्षांपूर्वीच दिसलं होतं. काढल्यापासून ठेवीपर्यंत चार-पाच तास ती आठवण ओली असते. तेवढ्या वेळात तिच्यातली कळ कमी करता येते. घडलेलं पुसलं जात नाही, फक्त त्याचा डंख जातो.

अडचण अशी, की नुसतं आठवून आठवण ओली होत नाही. मेंदू हा सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. रोजचा माणूस आला तर तो मान वर करत नाही. अगदी अनोळखी आला तर बाहेरूनच परत पाठवतो. पण रोजचाच माणूस एक दिवस मिशी काढून आला, की तो खुर्चीवरून उठतो, वही उघडतो आणि नीट बघतो. तांबवेकर बाईंच्या ध्यानात आलं, की ओळखीच्या गाण्याची दुसऱ्या कुणी गायलेली आवृत्ती म्हणजे नेमका असाच मिशी काढलेला माणूस. गाणं तेच, पण एका जागी सूर जरा वेगळा पडतो. मेंदू दचकतो आणि त्या गाण्याला चिकटलेली आठवण तपासायला बाहेर काढतो.

दवाखान्यातलं यंत्र हेच करायचं. डोक्यावरच्या टोपीतून मेंदूच्या लहरी आणि बोटाच्या चिमट्यातून नाडी वाचायची, आणि माणसाचं मन पुढच्या सुराची वाट बघत असेल त्याच क्षणी तो सूर केसाएवढा हलवायचा. यंत्राच्या पोटात एकट्या ‘सांगून तरी जायचंस’च्या दोन हजार तीनशे आवृत्त्या होत्या, कारण त्या पिढीतली निम्मी दुःखं त्याच गाण्याला चिकटलेली होती. विधवा आल्या, परीक्षेत नापास होऊन घर सोडलेले आले, तुटलेली लग्नं आली. बहुतेक जण हलके होऊन गेले. सख्खा भाऊ तेवढा आला नव्हता.

“मला तिला विसरायचं न्हाई, अक्का,” सन्मती दरवेळी म्हणे.

“विसरायला कोण सांगतंय? आठवण राहती. धाप लागायची थांबती.”

“आणि धापच माझी असली तर? चोवीस वर्षं एवढंच तर जपलंय मी.”

पण पत्रिका देऊन ऋजुता गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सन्मती धुतलेला सदरा घालून दवाखान्याच्या बाकावर येऊन बसला. त्याच्या मांडीवर पत्रिका होती, मातीच्या बोटांच्या ठशांसकट.

“पोरगी मागं मोकळी जागा ठेवून उभी राहणार म्हणती,” तो म्हणाला. “ते मला बघवायचं न्हाई. घाल टोपी.”

लग्नाला सात आठवडे होते.

पद्मजेनं मोठ्या आशेनं सुरुवात केली. मूळ गायकाचं गाणं, तिसऱ्या ओळीत एक सूर हललेला. पडद्यावरची मेंदूच्या लहरींची रेघ सरळच्या सरळ. दोन सूर हलवले, रेघ तशीच. बासरी लावली, गझल लावली. सन्मती मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत राहिला.

“बरं हाय की गाणं,” तो म्हणाला. “शेडमधल्या रेडिओवर पण लागतं अधनंमधनं.”

“तुला काही होत न्हाई हे ऐकून?”

“न्हाई बा. का? व्हायला पायजे व्हय?”

पद्मजेला काही उलगडेना. अख्ख्या नात्यानं धरून चाललं होतं, की याचं दुःख त्या गाण्यात आहे. तीन आठवडे तिनं चाळीस आवृत्त्या लावून बघितल्या. गाणारा कोंबडाही लावला. त्यावर सन्मती पोट धरून हसला, पण रेघ काही हलली नाही. पुण्याच्या लोकांनी फोनवर सांगितलं, की काही रुग्णांना हा उपचार लागूच पडत नाही, वेळ घालवू नका.

चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी ती हताश होऊन यंत्र बंद करायला उठली. टोपी अजून सन्मतीच्या डोक्यावर होती. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती, आणि खालच्या रस्त्यावरून कुणाची तरी वरात चालली होती. जुन्या गाण्यांची पुन्हा टूम निघाली होती. बँडनं ‘सांगून तरी जायचंस’ धरलं.

पडद्यावरची रेघ उभीच राहिली.

पद्मजेनं वळून बघितलं. सन्मतीनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. “खिडकी लाव,” एवढंच तो कसंबसं म्हणाला. तिनं खिडकी लावली, त्याला पाणी पाजलं आणि त्याचा श्वास बसेपर्यंत त्याची पाठ चोळत राहिली. पण मनात तिला एकदम लख्ख दिसलं.

चूक यंत्राची नव्हती, यंत्र भरणाऱ्यांची होती. पुण्याच्या माणसांनी धरून चाललं होतं, की माणूस गाणं ऐकतो ते कानात इयरफोनची बोंडं घालून, एकटा, खिडकीपाशी बसून. म्हणून मूळ गायकाचं गाणं खरं आणि बाकीच्या सगळ्या नकला. पण इकडे गाणं येतं ते आधी बँडवर. मग गणपतीच्या मांडवात, मग माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमध्ये, आणि सवड मिळाली तर शेवटी मूळ गायकाकडून. सन्मतीसाठी अस्सल गाणं बँडचंच होतं. मूळ गायक हाच त्याच्या लेखी कुणीतरी भलताच माणूस, वॉचमननं बाहेरूनच परत पाठवलेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती मिरजेला गेली.

सन्मतीच्या वरातीचे बँडमास्तर दस्तगीर मुजावर आता शहात्तर वर्षांचे होते आणि अंगणात बसून क्लॅरिनेटच्या चाव्यांना तेल देत होते. दवाखान्यातून आलेय म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “साखरेचा रिपोर्ट आणलास काय?”

“न्हाई चाचा. गाण्याचं काम हाय.”

गाण्याचं नाव काढताच म्हाताऱ्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. मग आत जाऊन दोनशे पानी वही आणली. नवीन गाणं मोबाइलवर दोनदा ऐकायचं आणि सरगम वहीत उतरवून घ्यायची, ही त्यांची आयुष्यभराची रीत.

“मूळ गाण्यात दुसऱ्या ओळीनंतर सारंगी रडती,” ते सांगू लागले. “मिनिटभर. आता मिनिटभर वरातीनं काय करायचं, उभं राहायचं? म्हणून सारंगी काढली, तिथं हलगी घातली. तिसरी ओळ खाली ट्रम्पेटला शोभत न्हवती, ती वर नेली. पुढं सांगली-कोल्हापूरच्या समद्या बँडनी माझीच चाल उचलली. चोरली म्हणा की.” आणि ते खूश होऊन हसले. मग हसू मावळलं. “तू मगदुमांची करवली ना? तूच सांगितलंवतंस हे वाजवा म्हणून.”

“व्हय,” पद्मजा म्हणाली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कबूल केलं.

मुजावरांनी वही मिटली. “आमच्या वडलांचा नेम होता. बँडनं गाणं अर्ध्यात सोडायचं न्हाई. पाऊस येऊ दे, लाइट जाऊ दे, वरातीत मारामारी होऊ दे, धरलं की शेवटाला न्यायचं. उभ्या जन्मात तो मी एकदाच मोडला. ‘जायचंस’चा सूर वर चढवला होता, आणि तुमचे वडील हात वर करून पळत आले, बंद करा, बंद करा म्हणत. मी ट्रम्पेट खाली घेतला. तो सूर वरच राहिला बघ. त्यानंतर मी ते गाणं कधी वाजवलं न्हाई.”

आपला भाऊ इतकी वर्षं कुठे उभा होता, ते पद्मजेला आता कळलं. कार्यालयाच्या दारात, त्या चढलेल्या सुरावर. बाकीचं काहीच बदलायला नको होतं. तीच चाल, तीच हलगी, तोच ठेका. बदल करायचा तो एकाच जागी, जिथे बँड थांबला होता तिथे यावेळी थांबायचं नाही.

“चाचा, परत वाजवाल?”

“ट्रम्पेट दातांच्या जोरावर वाजतो, पोरी. माझे पुढचे गेले.” त्यांनी जरा विचार केला. “शंकर वायदंडे हाय अजून. साठीचा हाय, पण दात शाबूत. बाकीचे दोघं-तिघं गोळा करतो. सुरांची मापं कशाला काढायची यंत्रानं, समदं आमच्या तोंडात हाय.”

यंत्रानं मापं काढलीच. पण त्याआधी पद्मजेला एक काम उरकायचं होतं. उपचाराच्या कागदावर रुग्णाची सही घेताना त्याला सगळं सांगावं लागतं, असा नियम होता. नियम नसता तरी तिनं सांगितलं असतं, निदान तिनं स्वतःची तशी समजूत घातली.

संध्याकाळच्या उन्हात सन्मती रोपं मोजत होता. ती शेजारी उकिडवी बसली.

“सन्मती, ते गाणं मी सांगितलं होतं वाजवायला.”

तो मोजत राहिला. रांग संपल्यावर म्हणाला, “माहीत हाय मला.”

“कसं काय?”

“वरातीच्या व्हिडिओत दिसत होतं की. कडेवर ऋजू, आणि तू मुजावरांच्या कानाला लागलीयास. आई तेव्हा घरभर विचारत सुटलेली, कुणी सांगितलं गाणं, कुणी सांगितलं. म्हणून तर पुसला तो व्हिडिओ.”

पद्मजेला वाटत आलं होतं, की त्यानं तो स्वरूपाच्या रागापोटी पुसला. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं.

“माझ्यासाठी पुसलास?”

“मग काय. तिचा एक फोटो हाय अजून माझ्याकडं. तो कशाला पुसू?” त्यानं हात झटकले. “तुझा काय गुन्हा, अक्का? चलतीचं गाणं होतं. मला पण लई आवडायचं.”

पद्मजा तिथेच रोपांच्या मधोमध बसून ढसाढसा रडली. सन्मतीला रडणाऱ्या माणसांचं काही कळत नसे. त्यानं तिच्यापुढे पाण्याची झारी आणून ठेवली.

लग्नाला अठरा दिवस उरले असताना दवाखान्याच्या मागच्या अंगणात पाच म्हातारे जमले. दोघांनी हौसेनं जुने लाल कोट चढवले होते, त्यांची बटणं आता पोटावर लागत नव्हती. सन्मती टोपी घालून कडुलिंबाखाली खुर्चीवर बसला. पद्मजा यंत्रापाशी, आणि मुजावर पुढे, हात वर करून.

बँड सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीला रेघ चढायला लागली. हलगी कडाडली. सन्मतीनं डोळे मिटले. त्याची नाडी एकशे दहा, एकशे तीस. पद्मजेचं बोट लाल बटणावर होतं; ते दाबलं की सगळं थांबलं असतं. वायदंड्यांच्या ट्रम्पेटनं ‘जायचंस’ वर नेलं, आणखी वर नेलं, आणि सन्मतीचा श्वास थांबला. तो त्या शांततेची वाट बघत होता. त्याचं सगळं अंग ती ऐकायला ताठ झालं होतं.

शांतता आली नाही. मुजावरांचा हात फिरला, सूर वळणानं खाली उतरला, त्याला क्लॅरिनेटनं झेललं, आणि गाणं पुढच्या कडव्यात शिरलं.

पडद्यावर रेघ थरथरली आणि दोन फाटे फुटल्यासारखी पसरली. आठवण ओली झाली, की ती अशीच दिसते. सन्मतीनं डोळे उघडले. तो म्हाताऱ्यांकडे असा बघत होता, जणू त्यांच्यातल्या कुणीतरी त्याला नावानं हाक मारली. गाण्याला आणखी दोन कडवी आहेत हे त्याला रेडिओमुळे माहीत होतं, पण या चालीतली ती त्यानं कधीच ऐकली नव्हती. पाचही जणांनी ती धापा टाकत शेवटाला नेली. शेवटचा ठोका पडला तेव्हा मुजावर मटकन खाली बसले आणि कोटाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले.

पुढचे चार-पाच तास रुग्णाला एकटं सोडायचं नसतं. पद्मजेनं डब्यातले धपाटे काढले, कुणीतरी चहा आणला. कडुलिंबाखाली बसून सन्मती स्वरूपाबद्दल बोलला. ती चहात बिस्किट बुडवून विसरून जायची. तिला गर्दीत गुदमरायला व्हायचं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती दोनदा म्हणाली होती, आपण थोडं थांबूया का, आणि त्यानं हसून सोडून दिलं होतं, कारण पत्रिका वाटून झाल्या होत्या.

“सांगून तरी जायचंस, असं मी म्हणत राहिलो,” तो म्हणाला. “सांगितलंवतं की तिनं. मीच आईकलं न्हाई.” आणि एवढं बोलूनही त्याला धाप लागली नाही.

तशा आणखी दोन बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीत नाडी नव्वदच्या वर गेली नाही. तरीही पद्मजेची खात्री पटेना. दवाखान्याचं अंगण वेगळं आणि पाचशे माणसांचं कार्यालय वेगळं. तिनं नवरदेवाकडच्यांच्या हातापाया पडून बँड रद्द करायला लावला. ते कुरकुरले, पण मानले. कार्यालयात सनईसुद्धा हळू लावायची, असं तिनं बजावून ठेवलं.

लग्नाचा मुहूर्त बारा बावीसचा. अकरा वाजले, मामाचा पत्ता नाही. साडेअकरा वाजले. फोन लागत नव्हता. ऋजुता खोलीत हिरवा चुडा घालून बसली होती आणि कुणी विचारलं नसतानाही “येईल तो” असं म्हणत होती. पावणेबारा झाले तेव्हा तिनं तेही म्हणायचं सोडलं.

आणि त्याच वेळी लांबून बँड ऐकू आला.

दुसऱ्या कुणाची तरी वरात याच रस्त्याला आलेली दिसत होती. सन्मती वाटेत असेल, हे ऐकून तसाच माघारी फिरेल, कुठेतरी रस्त्याकडेला बसून राहील. पैठणीचा घोळ हातात धरून पद्मजा फाटकाकडे पळत सुटली. कुणाच्या पाया पडावं लागलं तरी चालेल, पण वाजवणं थांबवायचं होतं.

वळणावरून आधी लाल कोट दिसले. वायदंड्यांचा ट्रम्पेट दिसला, हलगी दिसली. नव्या हंगामातलं नवं गाणं वाजत होतं, आणि अर्थातच तेही कुणाच्या तरी सोडून जाण्याचंच होतं. बँडच्या पुढे, डोक्याला आबोली फेटा, दोन्ही हातांवर आहेराचं ताट आणि ताटात शेडमधले गुलाब, असा सन्मती चालत येत होता. मामाचा आहेर वाजतगाजत आणायचा असतो, आणि तो त्यानं तसाच आणला होता.

तो फाटकात थांबला. चेहरा घामानं डबडबला होता. पद्मजेनं सवयीनं त्याचं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागली.

“सोड गं. लोक बघायलेत.”

“फोन कुठाय तुझा? जीव टांगणीला लागलाय सगळ्यांचा! आणि हे काय बँड घेऊन? पळून जावंसं न्हाई वाटलं?”

“वाटलं की. चौकात दोनदा वाटलं.” त्यानं श्वास घेतला, पूर्ण, आतपर्यंत. “पण पुढं मी आणि मागं बँड. पळणार कुठं?”

आतून लग्न लावणाऱ्या उपाध्यांचा आवाज आला, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. सन्मतीनं ताट बहिणीच्या हातात दिलं, फेटा सारखा केला आणि तो भाचीला आणायला आत गेला.